दुकान कोन पाहील?

मंडपवाल्याने पहिला बांबू नेमका दुकानाच्या तोंडाशीच रोवला आणि गिऱ्हाइकांना आत यायला वाट उरली नाही. तरी बाया बांबूखालून वाकून येतच होत्या. कुणाला पाव किलो पोहे, कुणाला कपड्याचा साबण, कुणाला पोराच्या डब्यासाठी बिस्किटाचा पुडा. गुणवंता गल्ल्यावर बसून एकेकीला माल देत होती आणि मधूनच मान उंच करून बाहेर काय चाललंय ते बघत होती.

दुकानाला चाळीस वर्षं झाली म्हणून हा थाट होता. थोरला मुलगा लोकेंद्र त्यासाठी नागपूरहून सुट्टी काढून आला होता. मंडप त्याने सांगितला, खुर्च्या त्याने सांगितल्या, जेवणावळही त्याचीच. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या त्या गल्लीत लग्नाशिवाय मंडप म्हणून कधी पडला नव्हता, त्यामुळे शेजारच्या गीताबाईने तेल घेता घेता विचारलंच, "कोनाचा लगन आहे वो, गुणवंता?"

"दुकानाचा," गुणवंता म्हणाली.

"कोनासंग?"

"माह्यासंगच झाला होता ना. आता पुन्हा लावून राहिले."

गीताबाई पदर तोंडाला लावून हसली. गुणवंताही हसली, पण बोलून गेल्यावर तिला ते उगाच आठवत राहिलं.

दहाच्या सुमाराला तिरोड्याला दिलेली लेक रिंकी आली. गाडी उभी करते न करते तोच तिची नजर मंडपावरच्या मोठ्या फलकाकडे गेली आणि ती तिथंच थबकली. फलकावर गुणवंताच्या नवऱ्याचा, नंदलालचा फोटो होता, लोकेंद्रच्या लग्नातला, फेटा बांधलेला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'बिसेन किराणा. संस्थापक श्री. नंदलालजी बिसेन.'

रिंकी तरातरा आत आली. पायातली चप्पलसुद्धा काढली नाही.

"लोकेंद्रदादा, माय कुठी आहे त्या फलकावर?"

आतल्या खोलीत लोकेंद्र आचाऱ्याशी बोलत होता. ओमेश, धाकटा, उडदाच्या बड्यांची, वड्यांची परात उचलून आणत होता. त्याची बायको मंजू सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, लाटत होती. सगळे थांबले.

"अरे रिंकी, आधी बस तर खरी," लोकेंद्र म्हणाला. "पानी पी."

"पानी नंतर. माय कुठी आहे?"

"फोटोच नव्हता ना! सब अल्बम देखे मैंने. मायचा एकटीचा एक फोटो नाही घरात."

हे खरं होतं. गुणवंताने गल्ल्यावरूनच ते ऐकलं आणि मनाशी कबूल केलं. फोटोवाला यायचा तेव्हा ती दुकानात असायची. रिंकीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, तेव्हा कुणीतरी अगरबत्ती मागायला आलं होतं आणि ती आत गेली होती. परत येईपर्यंत फोटो निघून गेला होता.

"फोटो नव्हता तं नाव टाकायचा होता," रिंकी म्हणाली. "नावाले काय फोटो लागते? बाबूजी मिल सुटून घरी बसले तवा दुकान कोनं टाकला?"

"टाकला असल मायनं. पन चालवला दोघांनी," ओमेश मधे पडला. "तू येवढी काऊन तापून राहिली? आजचा दिवस खुशीचा आहे."

"तुले तं काही बोलायचाच नाही. भाऊ म्हनल ते तुले पटते."

"अना तुले काहीच पटत नाही."

गुणवंताला दोन्ही लेकांची कीव आली आणि लेकीचं कौतुक वाटलं. पण खरं सांगायचं तर फलकाचं तिला काहीच वाटलं नव्हतं. नंदलालचा फोटो बघून उलट बरंच वाटलं होतं. फेट्यात तो देखणा दिसत होता. ती उठून आत आली आणि रिंकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "राहू दे वो. तुह्या बाबूजीले कोनी फेटा बांधून देते काय रोज? दिसू दे त्याईले."

"तू अशीच म्हनशील, मले माहीत होता," रिंकी म्हणाली आणि एकदाची खाली बसली.

वातावरण निवळावं म्हणून असेल, किंवा राहवत नव्हतं म्हणून असेल, ओमेशने कपाटावरून एक मोठा गुंडाळलेला कागद काढला आणि पसरला. कागदावर एका चकाचक दुकानाचं रंगीत चित्र होतं. काचेचं दार, आत लोखंडी मांडण्या, बिल काढायचं यंत्र, वर निळी पाटी.

"हे कार्यक्रमात सांगायचा होता सगळ्यांसमोर," तो म्हणाला. "पन आताच पाहा. मागची खोली पाडायची, बाजूचा आंगन घ्यायचा. भाऊ मदत करून राहिला. कुडव्यात आता किती घरं झाली! लोक गाडीवर बसून गोंदियाच्या मोठ्या मार्टात जातात. आपल्याकडंच मार्ट केला तं कायले जातील?"

"पूरा प्लान पक्का है," लोकेंद्र म्हणाला. आता दोघं भाऊ एका बाजूचे झाले होते. "ओमेश माल आणायचा पाहील. गल्ल्यावर माय-बाबूजी आहेतच. मशीन सोपं असते माय, तुला शिकवीन मी. अजून दहा-पंधरा वर्षं आरामात बसशील तू."

ते तो फार प्रेमाने म्हणाला होता. आईला काहीतरी मोठं देतो आहोत, अशा तोंडाने. गुणवंताने चित्रातल्या काचेच्या दाराकडे पाहिलं. दारामागे गल्ला होता, आणि गल्ल्यामागे चितारणाऱ्याने एक खुर्ची काढली होती. रिकामी. गुणवंताने कागदाची वळलेली कड हाताने सरळ केली.

"छान आहे," ती म्हणाली.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "काकू, मीठ द्या जी!" तिच्या आधी मंजू उठली. जाताना मंजूने सासूच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं. बाकी कुणी बघितलं नाही.

जेवणं होईस्तोवर गुणवंता कामात राहिली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिला शामकला आठवत होती. शामकला तिची मोठी बहीण, नवेगाव बांधला, मोठ्या तलावाच्या गावी दिलेली. दर थंडीत तिचा फोन यायचा, "ये ना वो, बांधावर पाखरं आली आहेत, आठ रोज राहून जा." आणि दर थंडीत गुणवंता म्हणायची, "येतो बाई, पन दुकान कोन पाहील?" बहिणीचा नवरा गेला तेव्हासुद्धा ती सकाळच्या बसने गेली आणि संध्याकाळच्या बसने आली होती. शामकलाने तिला अडवलं नव्हतं. बस सुटताना खिडकीशी उभी राहून एवढंच म्हणाली होती, "तू माह्या घरी कदी झोपलीच नाही, गुणवंता." रागाने म्हणाली असती तर इतकं लागलं नसतं.

दुपारी ऊन कलल्यावर खुर्च्या भरल्या. गल्लीतले झाडून सगळे आले होते. ज्या पोरी कधीकाळी चॉकलेट मागायला यायच्या त्या आता कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. चुन्नीलाल पानवाल्याने नंदलालला हार घातला. लोकेंद्रने भाषण केलं, त्यात 'परिश्रम' आणि 'वारसा' असे शब्द होते, आणि मग त्याने माईक बापाच्या हातात दिला.

नंदलालला असं बोलायची सवय नव्हती. त्याने माईक तराजूची दांडी धरावी तसा मधोमध धरला.

"लेकानं वर लिवला आहे की दुकान म्या टाकला," तो म्हणाला. "वाचून मलेच शरम वाटून राहिली. मी राईस मिलमधी होतो. मशीनच्या पट्ट्यात हात सापडला अना घरी बसलो. तवा कुडव्यात इकडे सारे बांध्याच होत्या, धानाच्या. आमची एक खोली अना तिले रस्त्याकडं एक खिडकी. हिनं मले न सांगता गोंदियाहून डोक्यावर गठुडा आनला. मीठ, माचिस, साबन, बिडी. खिडकीत मांडला अना बसली."

लोक गुणवंताकडे वळून बघू लागले. ती बायांच्या रांगेत बसली होती. तिने पदर सारखा केला.

"माहा बाप उदाराम गावाहून आला. आमी पोवार, शेतीवाले लोक. त्यानं पाहिला, सून खिडकीत बसून मीठ इकून राहिली. पानी नाही पेला. म्हने, 'गावात तोंड कोठी दाखवू मी?' अना गेला. किती वर्सं आलाच नाही. मले वाटे, आता बंद करावा. ही म्हने, 'लेकरं काय खातील ते बाबूजीले इचारून या, मंग बंद करतो.'"

खुर्च्यांमधून हशा उठला. नंदलालला चेव आला.

"मंग एक रोज खिडकीसमोर गंज गर्दी होती. हिची मान खाली. एका मानसानं माचिस मागितली. हिनं देल्ली अना पैशासाठी हात पुढं केला. तं वरून आवाज आला, 'घे सूनबाई.' हिनं वर पाहिला तं माहा बाप! हिनं झटकन हात मागं घेतला. तो म्हने, 'घे पैसे. इकनाऱ्यानं लाजू नोये.' येवढाच बोलला. अना मंग आत येऊन पानी पेला."

आता कुणी हसलं नाही. नंदलाल पुढे म्हणाला, "ते माचिस घेऊन काय करल तो, बिडी तं कदी पेत नव्हता. तं असा आहे. दुकान हिचा. मी हिच्या दुकानात बसतो. ये वो, तू बोल आता."

टाळ्या पडल्या. रिंकी डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. लोकेंद्रने स्वतः येऊन आईला हाताला धरून पुढे नेलं. तिथवर जाईपर्यंत गुणवंताला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. 'तुमी सारे आले, बरा वाटला,' एवढं म्हणून ती बसणार होती. पण माईक तोंडाशी आला, समोर गल्लीतली सारी माणसं, मागे तिचं दुकान, आणि शेजारी ओमेश ते गुंडाळलेलं चित्र हातात घेऊन उलगडायला तयार उभा.

"मले जायचा आहे," ती म्हणाली.

तिचाच आवाज मंडपभर घुमला.

"कुठी?" नंदलालने विचारलं.

"शामकलाबाईकडं. नवेगावले. राहायले."

"जा ना मंग. दोन दिवस जाऊन ये."

"दोन दिवस नाही. मन भरतवर राहीन. अना आल्यावर गल्ल्यावर नाही बसनार मी. बहुत बसली. दुकानावर माहा राग नाही. त्यानं लेकरं वाढवली, सासरा घरी आनला. पन आता मले नाही बसायचा."

ओमेशच्या हातातलं चित्र अर्धवट उलगडलं होतं, ते तसंच राहिलं.

"पन माय," तो घाबरल्यासारखा म्हणाला, "दुकान कोन पाहील?"

"मी पाहतो." बायांच्या रांगेतून मंजू उभी राहिली. मनगटाला सकाळची कणीक अजून वाळून चिकटलेली होती.

गुणवंता तिच्याकडे वळली. "नोको मंजू. असा पटकन हो नोको म्हनू. म्या असाच म्हटला होता. इचार करून सांगजो."

"इचार केला आहे, माय. दुकान पाहीन, पन माह्या हिशोबानं. दिवा लागल्यावर तासाभरात शटर पाडीन. अना सोमवारी बंद."

"बंद?" लोकेंद्र, ओमेश आणि नंदलाल तिघे एकदमच म्हणाले.

"किराणा दुकान कुठं बंद राहतं का हप्त्यात?" लोकेंद्र म्हणाला. "लोग क्या करेंगे?"

"रविवारी घेऊन ठेवतील," रिंकी म्हणाली आणि जाऊन वहिनीच्या शेजारी उभी राहिली. दोघींचं एरवी फारसं जमत नसे. गीताबाईने खुर्चीतूनच दुजोरा दिला, "ठेवू ना बाप्पा, का होते!" आणि मग सगळेच एकदम बोलू लागले. त्या गलक्यात नंदलाल गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवून आत निघून गेला, ते फक्त गुणवंताने पाहिलं.

तो मागच्या खोलीत तांदळाच्या कट्ट्यावर, भरल्या पोत्यावर बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली. बाहेर मुलं भांडत होती, अधूनमधून मंजूचा शांत आवाज येत होता.

"रागावले काय जी?"

"नाही."

"मंग आत येऊन काऊन बसले?"

नंदलालने कट्ट्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. "माह्यासंग बसून कंटाळली तू. मले कदी बोलली नाही. मी आपला सगळ्यांसमोर तुहा गुनगान करून राहिलो, अना तुहा मन कवाचाच उठला होता."

"तुमच्यावरून नाही उठला, बाप्पा. तुमी बाजूले होते म्हून तं येवढी वर्सं गेली."

"मंग नवेगावले जायचा म्हटला तवा माहा नाव काऊन नाही घेतला? मले नाही चालत पाखरं पाहायले?"

इतक्या वर्षांत बाहेर जायचं म्हणजे दोघांपैकी एकाने जायचं, दुसऱ्याने दुकान पाहायचं, असंच चालत आलं होतं. लग्नाला ती, तर तेरवीला तो. दोघांनी मिळून कुठे जाता येतं हे गुणवंताच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण मुलांवर मनातून रुसलो, की मला न विचारता माझी पुढची वर्षं ठरवली. आणि आपण तरी याला कुठे विचारलं?

"चुकलाच माहा," ती म्हणाली. ती त्याच्या शेजारी कट्ट्यावर टेकली. "चला ना मंग."

नंदलालने मान हलवली. रुसवा उतरला होता, पण सवय उतरत नव्हती. "आता नाही जमत. मंजूले काही माहीत नाही. मूग कोनाकडचा घ्यायचा, कोनाले उधार द्यायचा, कोनाले नाही. तू हो पुढं. मी पाहतो."

"याल ना पन?"

"पाहतो म्हटला ना."

आणखी चार-सहा दिवसांनी गुणवंता निघाली. त्याआधी घरात बरीच ओढाताण झाली. लोकेंद्र नागपूरला जाताना नाराज होता. ओमेश म्हणत होता, मंजू एकटी दमेल. मंजू म्हणत होती, मग तू मालाची गाडी लवकर आणून लाव आणि बस माझ्याजवळ. काचेच्या दाराचं चित्र कपाटावर परत गेलं. ते उतरवायचं की नाही, ते मंजू ठरवील असं शेवटी ओमेशनेच कबूल केलं. आईला बसवायला तो गोंदियाच्या स्टँडवर आला, तेव्हा खिडकीतून तिच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी ठेवत म्हणाला, "माय, म्या तुले इचारायला पाहिजे होता."

"हो. आता मंजूले इचारत जाय," ती म्हणाली, आणि त्याच्या गालाला हात लावला.

नवेगावला पहिल्या दुपारी जेवण झाल्यावर शामकलाने तिच्यासाठी ओसरीत बाज टाकली. गुणवंता आडवी झाली आणि उठली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं. कुणी हाक मारली नव्हती. तिला क्षणभर कळेना आपण कुठे आहोत. शामकला पायाशी बसून लाख सोलत होती, लाखोरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग पुढ्यात होता. "घोरत होती तू," ती म्हणाली. दोघी बहिणी इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली.

रोज सकाळी त्या बांधावर जात. पाण्यावर लांबवर पाखरांचे थवे उतरलेले असत, मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे शांतपणे फिरत. गुणवंताला पाखरांची नावं येत नव्हती. शामकला सांगे, ती विसरे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. पण रात्रीचं जेवण झाल्यावर ती फोन हातात घेऊन बसे. मंजू सगळं नीट सांगे. नंदलाल फोनवर येई आणि म्हणे, "सब ठीक आहे," आणि फोन लगेच मंजूकडे परत देई.

पहिला सोमवार तसाच गेला. दुसऱ्या सोमवारी दुपारी त्या दोघी अंगणात बसल्या असताना फाटकाशी नंदलाल उभा दिसला. धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. कोहमाऱ्याला बस बदलून आला होता आणि चेहऱ्यावर धूळ बसली होती.

"या भाऊजी," शामकला लगबगीने उठली. "किती वर्सांनी पाय लागले घराले!"

"सांजच्या बसनं वापस जायचा आहे," तो आधीच सांगून मोकळा झाला. "शटर बंद करून मंजू ओमेशसंग शिनेमा पाहायले गेली. घरात एकटा बसून काय करू? पिशवीत पोहे आहेत, जाड. इथी भेटत नसतील."

पोहे सगळीकडे मिळतात हे सांगायचं गुणवंताच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं, पिशवी घेतली आणि त्याला पाय धुवायला पाणी दिलं.

मग ती त्याला बांधावर घेऊन गेली. दोघं एवढा वेळ नुसते शेजारी चालले, असं लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. नंदलालने मंजूचं सांगितलं: पोट्टी हुशार आहे, उधारी मागायला लाजत नाही, मापात चूक नाही. मग तेही संपलं. पाण्यावरून थंड वारा येत होता. एक मोठा थवा एकदम उठला, वळला आणि पलीकडच्या काठाला उतरला.

"कोनती होत ही?" त्याने विचारलं.

"सांगतला होता बाईनं. इसरली मी."

"राहू दे. नावाचा काय करायचा?" तो म्हणाला आणि एका दगडावर बसला. तिला जागा करून दिली.

शामकलाने घरून निरोप पाठवला, की बसची वेळ होत आली. शेजारचा माणूस सांगून गेला. नंदलालने ऐकलं. थोड्या वेळाने रस्त्याकडून बसचा भोंगा ऐकू आला. बस थांबली, बायामाणसांचा गलबला झाला, आणि घरघर करत ती कोहमाऱ्याच्या दिशेने निघून गेली.

गुणवंताने नवऱ्याकडे पाहिलं. तो बसच्या आवाजाकडे कान देऊन होता, आवाज पार विरेपर्यंत. मग त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पाय पाण्याकडे लांब सोडले.

"बाईले सांग," तो म्हणाला, "रातच्याले माह्यासाठी बी तांदूळ टाक म्हना."